तिसरा शर्ट

"तिसरा शर्ट! या वर्षातला तिसरा!" जुळ्यांच्या आईने कपाळाला हात लावला. "धाकट्याने खिशात पेन उघडंच ठेवलं. सगळी शाई छातीवर. दिला टाकून."

पालकसभेची वेळ कधीच होऊन गेली होती. वर्गाच्या बाई अजून मुख्याध्यापकांच्या खोलीतून आल्या नव्हत्या, आणि दुसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर वीसेक मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"शाई लागली म्हणून शर्ट टाकून दिलात?"

खिडकीकडून आवाज आला तशा सगळ्यांच्या माना वळल्या. तिथे बसणारी बाई लॉन्ड्रीत कामाला होती. सभेला यायची, सही करायची आणि कामाला पळायची. तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आत्ताही बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली. पण तिसरा शर्ट म्हणजे काय! तिला राहवेना.

"बॉलपेनची होती ना? आणि तुम्ही गरम पाण्यात भिजवलात?"

"हो. मग काय करायचं?"

ती उठली. कामावरून थेट आली होती, त्यामुळे कामाची पिशवी बरोबरच होती. तिच्यातून तिने एक छोटी बाटली काढली. "हे स्पिरिट. औषधांच्या दुकानात मिळतं. एवढीशी बाटली वर्षभर पुरते. डागाखाली जुनं फडकं धरायचं आणि वरून कापसाने टिपायचं. घासायचं नाही हं, टिपायचं! घासलंत की मेलात."

कुणीतरी हसलं. मागच्यांना दिसेना म्हणून ती बाईंच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली, आणि मग तिला थांबवणं तिच्याही हातात राहिलं नाही.

"आणि ही फेसाची बाटली बघा. जाऊबाईंसाठी घेतलीय. एक भाग हात धुवायचा पातळ साबण, चार भाग पाणी. दाबलं की नुसता फेस! आमच्याकडे आठ दिवसांत साबणाच्या बाटलीचा फडशा पडायचा. पोरं हात धुतात कुठे? साबण वाहून जाताना बघत बसतात. आता तेवढाच साबण महिना झाला तरी संपत नाही. आणि ही इस्त्रीने चिकटणारी पट्टी. पँट एक माप मोठी घ्यायची, खालून दुमडून चिकटवायची. पोर वाढलं की गरम इस्त्री फिरवून घडी सोडवायची. सुई नको, शिंपी नको! आणि ठिगळ लावायचं ते गुडघा फाटायच्या आधी, आतल्या बाजूने. फाटल्यावर काय, सगळेच लावतात!"

"किती टक्के कमिशन सुटतं यात?"

पहिल्या बाकावरच्या कोटवाल्या गृहस्थांनी विचारलं होतं.

"मी विकत नाही, साहेब," ती म्हणाली. "चांगली वस्तू सापडली की माझ्या पोटात राहत नाही, एवढंच." तिचे कान तापले. ती पट्टीचं रीळ पिशवीत भरू लागली.

तेवढ्यात त्या गृहस्थांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको उठली. "कोट काढा."

"अगं, इथे?"

"काढा म्हणते ना! अहो ताई, ह्यांची बाही बघा. महिनाभर कोटाखाली लपवून फिरतायत. त्यांना वाटतं, मला दिसत नाही."

मनगटापाशी नाण्याएवढा निळा डाग होता. गृहस्थ टेबलापुढे हात पसरून उभे राहिले, लस टोचून घ्यायला आल्यासारखे. तिने बाहीत फडकं सरकवलं, कापूस भिजवला आणि टिपायला लागली. डाग वितळला आणि दुप्पट पसरला.

"अहो, वाढला की!"

"थांबा, साहेब. निघण्याआधी तो जरा हातपाय पसरतो."

म्हणाली खरी, पण कापड महागाचं होतं, डाग महिन्याभराचा होता आणि तो नाही निघाला, तर या वर्गात तिला पुन्हा तोंड उघडायची सोय राहणार नव्हती. तिने फडकं फिरवलं. नवा कापूस घेतला. टिपलं. पुन्हा टिपलं. टेबलाभोवती माणसांची दाटी झाली. निळा रंग आकाशी झाला, मग धुरकट. मग नुसतीच ओली पांढरी बाही उरली.

"गेला!" जुळ्यांची आई ओरडली.

कोटवाल्यांनी बाही उजेडाकडे धरली. उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी. "अजून काय काय आहे हो तुमच्या पिशवीत?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाजात खवचटपणा नव्हता.

मग एकच गलका झाला. गवताचे डाग कसे काढायचे? डब्याच्या झाकणाचा वास? रक्ताचं काय?

"थंड पाणी! रक्ताला गरम पाणी कधीच लावायचं नाही!" तिचा आवाज चढला होता, पदर कधीच कमरेला खोचला गेला होता. "थांबा, सगळे एकदम बोलू नका. लिहूनच देते." तिने खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. स्पिरिट. फेसाची बाटली. इस्त्रीची पट्टी. लोक वह्या नाहीत म्हणून पावत्यांच्या पाठीवर उतरवून घेत होते.

लिहून झाल्यावर ती वळली. पहिल्या बाकावर, कोटवाल्यांच्या जागी, वर्गाच्या बाई बसल्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. हजेरीच्या वहीत मागच्या पानावर त्याही लिहीत होत्या. मग त्यांनी हात वर केला.

"बाई, एक विचारू?"

तिने मागे वळून पाहिलं. मागे फक्त फळा होता.