भडक शीड

वल्हवून वल्हवून उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा मी माझ्या कयाकवर, त्या एकट्याच्या चिंचोळ्या होडीवर, शीड लावायचं ठरवलं. डोलकाठी मीच बसवली. शिवणकाम बायकोकडे, कारण मशीनला हात लावायची मला परवानगी नाही. “निळं कापड घे,” मी बजावलं. तिनं आणलं भडक नारिंगी. “हे काय? रस्ता खोदणारे घालतात तसलं! मैलभरावरून दिसेल.” दातानं दोरा तोडत ती म्हणाली, “दिसू दे की. इतकी वर्षं या खिडकीतून नुसत्या लाटा बघतेय. तुमची बुटकी कयाक लाटेआड गेली की तुम्ही आहात की नाही, देव जाणे.” मी शीड डोलकाठीला बांधलं. सकाळी शिडात वारा भरला, खांदा सुखावला. परतताना मात्र वारा साफ पडला. अशा वेळी शीड गुंडाळून ठेवतात, नाहीतर लोंबून वल्ह्यात अडकतं. दूरवर आमची खिडकी दिसली. मी वल्हं उचललं, पण शीड उतरवलं नाही.