खोक्यातला लेसर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत लेसरच्या काचनळीत नारिंगी उजेड क्षणभर थरथरला आणि विझला. शर्वाणीने वीजपुरवठा तपासला. तो ठीक होता.

"सर, हा शेवटचा कधी लावला होता?"

"कॉलेजची तपासणी झाली तेव्हा," केळुसकर सर म्हणाले. "एरवी कुणाचा हात लागू दिला नाही. तू शिकत होतीस तेव्हा तुझाही नाही."

"नळी नुसती ठेवली की आतला वायू बिघडतो, सर. अधूनमधून लावावी लागते."

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे जपून जपून मीच घालवली."

कपाटात दुसरा लेसर होता, अजून खोक्यातच. तो मुलांना प्रयोगासाठी द्या, असं ती इथे शिकवायला लागल्यापासून दर वर्षी विनवायची.

"तो तरी लागेल का गं?"

"लावल्याशिवाय कसं कळणार?"

सरांनी खिशातली किल्ली तिच्या हातात दिली. "काढ. आज मुलांनाच लावू दे."