अपघाताच्या रकान्यात

मुलाच्या मनगटावर नखांचे चार ओरखडे होते. आधी लाल, मग तपकिरी. आता खपल्याही गळून गेल्या होत्या. आई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. नखं खोल रुतली होती, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

त्यानं कॉलेजला जाणं सोडलं होतं. ताट तसंच परत यायचं. खोदून खोदून विचारल्यावर परवा तो बोलला, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. घरात मायलेक दोघंच होती. काल ती कॉलेजच्या सुरक्षा कार्यालयाच्या दारातून परत फिरली होती. आज आत आली.

"माझ्या मुलाबद्दल सांगायचंय," ती म्हणाली.

"रॅगिंग ना?" सुरक्षा अधिकाऱ्यानं खुर्ची पुढे केली. "अहो ताई, भांड्याला भांडं लागायचंच. एकदा नोंद झाली की वार्षिक अहवालात छापावी लागते. यंदा एकही गुन्हा नाही आपल्याकडे. गेटवरचं कुत्रंसुद्धा भुंकत नाही! आणि नुकसान कोणाचं? तुमच्याच मुलाचं. पहिलंच वर्ष ना त्याचं?"

"हो."

"मग? जन्माचा डाग कशाला लावून घ्यायचा?"

कोपऱ्यातल्या बाकावरचे गृहस्थ खाकरले. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी वाचनालयाच्या जिन्यावरून पडून वारली. कॉलेजनं 'घसरून अपघात' लिहिलं होतं. ते रोज येऊन तेच विचारत, कठडा धरल्याशिवाय पायरी न उतरणारी पोर घसरेल कशी?

"काका, तुमचं कालच झालं ना बोलून?" अधिकारी म्हणाला.

"माझं राहू द्या. यांचं तरी लिहून घ्या."

ते उठले. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"बोला ताई, घाबरू नका. तुमचं लेकरू जिवंत आहे, त्याच्यासाठी बोला. माझी पोर त्या जिन्यावरून पडली, तेव्हा कोणी बोललं नाही. कोणाला तरी ठाऊक असणारच की हो! पण सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं."

तिनं पेला हातात घेतला. एका दमात तो अर्धा रिकामा केला.

"सावकाश," ते म्हणाले. "मी आहे इथे."

तिनं पेला खाली ठेवला. अधिकाऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"दादा," ती त्या गृहस्थांना म्हणाली, "तुमची मुलगी घसरली नाही. माझ्या मुलानं तिला ढकललं."