झारांच्या ओठांवरची वाफ

नवरा ग्लेब गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर रईसा पेत्रोव्हना त्याची अकरा स्मारक नाणी, रशियाच्या जुन्या झार सम्राटांची, कोस्त्रोमा शहरातल्या संग्राहकांच्या रविवारच्या बाजारात विकायला घेऊन आली. ती अजून रडली नव्हती. आताही तिला काही वाटत नव्हतं.

नवऱ्याचा जुना दोस्त वेन्यामिन तिथेच नाणी विकत घ्यायला बसायचा. त्याने सम्राज्ञी कॅथरीनचं चांदीचं नाणं उचललं. प्लास्टिकच्या बंद डबीच्या आत, बरोबर तिच्या ओठांसमोर, वाफ धरली होती.

"ओल शिरलीय," तो म्हणाला. "ग्लेब तर आम्हाला डबीला बोटही लावू द्यायचा नाही."

त्याने नाणं पुसून नव्या डबीत घातलं. वाफ पुन्हा आली, विरली, पुन्हा आली. मग झार पीटरच्या नाण्यावर. मग अकराही नाण्यांवर, एकदमच.

"रईसा पेत्रोव्हना, ही घरी घेऊन जा. मला नकोत."

तिची नजर वाफेच्या येण्याजाण्यावर होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ग्लेबचा श्वास असाच चालायचा, मध्ये लांबलचक खंड पाडत.

वाफ विरली. बराच वेळ आली नाही. मग, इस्पितळात ग्लेबच्या छातीवर ठेवायची, तसा तिने डब्यांवर हात ठेवला.

डब्या कोमट होत्या.