कूस बदलणारी

वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली बावीस माणसं होती आणि मदतनीस बाई एकटी. दुसरी बाई देतो देतो म्हणत व्यवस्थापकांनी सहा महिने तिच्या तोंडाला पानं पुसली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. "आता दोन तास गप पडायचं," असं ती वर दटावायची.

त्या दुपारी ती धापा टाकत शेवटच्या खोलीत शिरली, तर आजी आधीच भिंतीकडे वळलेल्या. गुडघ्यांमध्ये उशी, चादरीला एक सुरकुती नाही.

"कुणी वळवलं हो?"

"तुझ्या जोडीदारणीने. तुझ्यासारखी खेकसत नाही बाई ती. हात तेवढे गार आहेत."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. ती तरातरा व्यवस्थापकांकडे गेली. "बाई ठेवलीत, तर मला सांगायचं तरी."

"कुठली बाई? आहे त्यात भागव, म्हटलं ना."

तणतणत ती परतली आणि आजींच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर तिने दुखरी कंबर टेकली. दोनच मिनिटं.

डोळे मिटतात तोच दोन गार हात तिच्या पाठीखाली सरकले आणि त्यांनी तिला सावकाश भिंतीकडे वळवलं. गुडघ्यांमध्ये उशी आली. ती उठायला गेली, पण अंग हलेना.

"आता दोन तास गप पडायचं," मागून आजी म्हणाल्या.