गणपतीसमोर ब्रेकअप

कॅलगरीच्या मराठी मंडळात शाल्मली गिटार घेऊन गणपतीसमोर उभी राहिली, तेव्हा आई कुजबुजली, "लवकर आटप. मसालेभाताचा वास आला की कोणी ऐकत नाही." गेल्या वर्षी अर्ध्या गाण्यात हॉल रिकामा झाला होता.

गाणं तिचंच, इंग्रजीत, सोडून गेलेल्या बॉयफ्रेंडवर. चाल शेजारच्या चर्चमधली, ठेका मात्र लहानपणापासून हातात बसलेला आरतीचा. दुसऱ्या ओळीला टाळ्या सुरू झाल्या. मग काकवा उठल्या, काकांनी झांजा घेतल्या. एका आजींनी तर हात जोडले.

"अगं, शब्द कोण ऐकतंय? त्यांना आरती वाटतेय," आई खालून पुटपुटली. "थांब आता."

भाताची पातेली आली. कोणी जागचं हललं नाही. चालू आरती सोडून जेवायला कोण जाणार?

शाल्मलीने डोळे मिटले आणि त्या मेल्या बॉयफ्रेंडला आणखी दोन कडवी वाहिली.