रिकाम्या यादीचं उत्तर

"अजून लालच आहे?" ॲलिस्टर सर सालोमीच्या खुर्चीमागे येऊन कोडमधल्या लाल ओळीकडे बघत उभे राहिले.

"हो."

"काल तर सगळं चालत होतं."

"काल मी टाइप बदलला नव्हता. आत काय घ्यायचं, काय नाही, तो नियम."

सातिवलीच्या त्या गाळ्यात खाली पत्रा कापायचं यंत्र चालू होतं. वर पोटमाळ्यावर सरांचं ऑफिस. समोर अर्नाळ्याच्या मच्छीमार सोसायटीचे स्टॅनी अंकल बसले होते. होड्यांवरच्या संकटाच्या बटणाचा प्रोग्राम दुरुस्त झाला, अशी सही त्यांना द्यायची होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

"खरं म्हणजे जुन्यातही चूक नव्हतीच, अंकल," सर म्हणाले. "इग्नेशियसनी बटण दाबलं, सिस्टिमने सगळ्या होड्यांना कळवलं. पडद्यावर हिरवं आलं होतं."

"तेच तुमी गावात सांगितलं. तवापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर कोन बसत नाय. सगळ्यांना कळवलं, मग इग्नेसला आनायला कोन गेला का नाय, म्हनतात."

सालोमीने वळून पाहिलं नाही. इग्नेशियस तिचे वडील. त्यांच्या मातीला अंकल आले तेव्हा तिनेही त्यांच्याकडे पाठ केली होती.

"दाखवते," ती म्हणाली. "त्या दिवशी डेटाबेसला विचारलं गेलं, बाबा चालवत होते त्या 'कॅथरिन' होडीच्या दहा मैलांत कोणत्या होड्या आहेत? एकही नव्हती. रिकामी यादी आली. मग सरांच्या फंक्शनने, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याने, त्या यादीला विचारलं, तुझ्यातल्या सगळ्यांना निरोप पोचला? न पोचलेली एकही होडी त्याला सापडली नाही. यादीत कोणी नव्हतंच, तर सापडणार कशी? म्हणून उत्तर आलं, हो. सगळ्यांना पोचला."

अंकल पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे कोनालाच नाय कळवलं."

"कोणालाच नाही."

"तर्काने ते बरोबरच आहे," सर म्हणाले. "टाइप जुळत होते. चुका तपासणाऱ्या कंपायलरने पास केलं होतं, सालोमी."

"आता करत नाही. आता ते फंक्शन रिकामी यादी घेतच नाही. ती आली तर काय करायचं, हे वेगळं लिहावं लागतं. तोवर लाल."

"मग लिही. नोंद करून ठेव म्हणावं."

"नोंद चालणार नाही. तिथे मी माणूस मागितलाय. नाव आणि मोबाइल नंबर. यादी रिकामी आली की त्याला फोन जाणार."

"तुझा टाक."

"फंक्शन तुमचं आहे, सर."

सर हसले. त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही. "अगं, भलत्या वेळी फोन वाजला तर? घरी रोझमेरी आहे, पोरं आहेत."

"टाक की, बाबा," स्टॅनी अंकल म्हणाले. "घाबरतो काय? आमी काय रोज बुडतो?" त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण मात्र उघडलं नाही.

सरांनी वाकून नाव लिहिलं, नंबर लिहिला. लाल ओळ गेली.

"झालं? आता चाचणी कर आणि अंकलना मोकळं कर."

सालोमीने चाचणीसाठी 'कॅथरिन'ची शेवटची जागा घेतली. प्रश्न डेटाबेसकडे गेला, यादी रिकामी परत आली. सरांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून कानाला लावला. फोनमधला यांत्रिक, सपाट आवाज तिघांनाही ऐकू आला: "कॅथरिन. तांडेल इग्नेशियस. जवळ कोणी नाही."

सरांनी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. त्यांनी कापला. पुन्हा वाजला.

"चालतंय," ते म्हणाले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "पुरे. बंद कसा करायचा हा?"

सालोमीने खुर्ची वळवून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"मदत पोचली की आपोआप बंद होतो, सर."